थोरलीच्या टपाखालची तीन बोटं

आमच्या घरात गाडीला थोरली म्हणतात आणि मला धाकटी. कारण सरळ आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती आधीच घरात होती. दोन दारांची, आठ सिलिंडरची, गडद हिरवी, आणि बॉनेट एवढं मोठं की त्यावर दोन माणसं ऐसपैस झोपतील. ह्यांनी ती भंगारवाल्याच्या आवारातून ओढत आणली होती. लग्नाआधी एकदा मला भेटायला तिच्यातून निघाले, वाटेत ती बंद पडली, आणि उरलेलं अंतर चालत येऊन कोपरापर्यंत काळ्या हातांनी माझ्या दारात उभे राहिले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या माणसाच्या संसारात आपला नंबर दुसरा. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. थोरली आहे तशीच आहे. पेट्रोल पिते, ऑइल गाळते आणि सगळ्या घराला वेठीला धरते.

यंदा तिने आम्हाला वेठीला धरलं ते माझ्या नातीच्या आडून. नातीला आम्ही ढब्बू म्हणतो. ती तीन महिन्यांची असताना पडलेलं नाव. आता ती चोवीस वर्षांची आहे, आजोबांसारखी ताडमाड आणि काठीसारखी बारीक, पण नाव काही सुटलं नाही. गावाबाहेरच्या डोंगरावर दरवर्षी जुन्या गाड्यांची शर्यत होते. एकेक गाडी खालून सोडायची आणि माथ्यावर पोहोचायला किती वेळ लागला ते मोजायचं. हे त्या शर्यतीत अठरा वेळा उतरले. ढब्बूने लागोपाठ दोन वर्षं अर्ज भरला आणि दोन्ही वेळा एका ओळीचं उत्तर आलं: गाडीत रोल बार नाही.

रोल बार म्हणजे सीटच्या मागे उभी केलेली जाड पाइपाची कमान. गाडी उलटलीच तर टप चेपून आतल्या माणसाचं डोकं सापडू नये म्हणून. ह्यांच्या वेळी असलं काही नव्हतं. ह्यांच्या वेळी लोक एका हाताने स्टिअरिंग धरायचे आणि दुसऱ्या हाताने दार, कारण ते वळणावर उघडायचं.

"आजी, पुढच्या महिन्यात मी नोकरीवर जाणार. तीन वर्षं तरी परत येणं नाही," ढब्बू म्हणाली. "यंदा नाही तर नाहीच."

मी थोरलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

आमच्या दुकानाचं छप्पर एकच, पण खाली दोन दुकानं. पुढच्या भागात माझं गादीकाम. गाड्यांच्या सीटा, दारांची पॅनेलं, टपाचं अस्तर. हे काम ह्यांनी मला शिकवलं आणि आम्ही दोघांनी मिळून सदतीस वर्षं केलं. मागच्या भागात माझ्या धाकट्या दिरांचं वेल्डिंग. मधे ताडपत्रीचा पडदा, त्यांच्या ठिणग्या माझ्या फोमवर पडू नयेत म्हणून. त्या पडद्याला इतकी भोकं आहेत की आम्हाला एकमेकांची तोंडं दिसतात. तेवढंच भांडायला सोयीचं.

भावजींशी माझं भांडण जुनं आहे, आणि ते काय होतं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हे उंच होते. थोरलीत बसले की ह्यांचं डोकं टपाच्या अस्तराला घासायचं. डोक्याला तेल लावायची सवय, त्यामुळे अस्तरावर बशीएवढा डाग पडला होता. भावजी म्हणायचे, "वहिनींनी अस्तर सैल शिवलंय, ते खाली लोंबतंय." मी म्हणायचे, "अस्तर ज्या तारेच्या कमानींवर ताणतात त्या भावजींनी वाकवल्यात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" असं एकेचाळीस वर्षं चाललं. ह्यांना विचारलं तर हे म्हणायचे, "माझं डोकंच मोठं आहे." आणि निघून जायचे.

असो. कामाला लागलो. आधी थोरलीला आतून उघडी केली. सीटा काढल्या, गालिचा काढला, दारांची पॅनेलं काढली, ते डागाळलेलं अस्तराचं कापडही उतरवलं. उघडी गाडी बघवत नाही. भावजींनी गाडीच्या तळाच्या पत्र्यावर चार जाड पट्ट्या वेल्ड केल्या. कमानीचे पाय त्यांवर बोल्टने बसणार होते.

"वहिनी, कमान टपाला चिकटवून घेतो," ते पडद्याआडून ओरडले.

"आणि माझं अस्तर कुठून जाणार? तुमच्या कपाळावरून?"

"कमानीभोवती कापून घ्या की!"

"भावजी, टपाचं अस्तर म्हणजे अखंड. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत एक कापड. ते कापणाऱ्याच्या हातात मी कात्री देत नाही."

"मग किती जागा सोडू?"

"तीन बोटं."

"तीन बोटं! मधून हात घालून पापड वाळवणार आहात का?"

पण सोडली. शेवटी तेवढ्या उंचीची कमान पुरेल का, याचा हिशेब आला. नियम असा की चालवणाऱ्याचं हेल्मेट कमानीच्या माथ्यापेक्षा दोन बोटं तरी खाली असलं पाहिजे. ढब्बू बुडापासून हेल्मेटच्या टोकापर्यंत किती, ते भावजींनी तिला लाकडी पेटीवर बसवून मोजलं. आता हवी होती फक्त सीटची उंची. सीटा माझ्या भागात, कारण त्यांना नवीन रेक्झिन चढवायचं होतं.

"वहिनी, ड्रायव्हर सीटची उंची सांगा. दाबल्यावरची."

आणि इथे माझी चूक झाली. चूक कसली, सरळ सांगायचं तर लबाडी.

एकेचाळीस वर्षांपूर्वी ह्यांचा पाय मोडला होता. पाच महिने प्लास्टर. तयार सीटा गिऱ्हाइकांकडे पोहोचवायच्या तर गाडी मीच चालवायला हवी, आणि माझी उंची चार फूट दहा इंच. थोरलीच्या त्या बॉनेटवरून मला रस्ता दिसायचाच नाही, आकाश दिसायचं. मी बुडाखाली उशी घेऊन बसायला लागले. तर हेच भावजी, तेव्हा तिशीही न ओलांडलेले, चौकात उभे राहून मित्रांना सांगायचे, "बाजूला व्हा, उशी आली!" पोरंटोरं ओरडायला लागली. उशी आली, उशी आली. मला इतका संताप आला की एका दुपारी, हे झोपलेले असताना, मी सीट उघडली, आतली खोळ उसवली, आणि स्प्रिंगांच्या वर ह्यांचा जुना जाड लोकरीचा कोट कोंबला. त्याची बटणं टोचतील म्हणून कापून काढली. खोळ शिवली, वरचं कव्हर चढवलं. सीट दोन बोटं वर आली. दुसऱ्या दिवशी उशीशिवाय चौकातून गेले, भावजींकडे न बघता.

पाय बरा झाल्यावर हे गाडीत बसले आणि ह्यांचं डोकं टपाला लागलं.

मला सांगायला हवं होतं. पण आधी उशीची लाज, मग कोटाची, मग न सांगितल्याची. एकावर एक थर चढत गेले. दरवर्षी थंडी पडली की हे कोट शोधायचे. मी म्हणायचे, "भावजी एकदा घालून गेले होते, त्यांना विचारा." भावजी शपथा घ्यायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत काय आहे हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

म्हणून भावजींनी उंची विचारली तेव्हा मी सीट मोजलीच नाही. मापांची जुनी वही काढली आणि पहिल्यांदा ती सीट शिवली तेव्हाचा आकडा वाचून दाखवला. म्हटलं, दोन बोटांनी काय मोठं आकाश कोसळतंय. शिवाय त्या एका सीटचं जुनं कव्हर मी उतरवलंही नाही. त्याच्यावरच नवीन रेक्झिन ताणून बसवलं. आमच्या धंद्यात जुन्यावर नवं चढवण्यासारखं दुसरं पाप नाही. आयुष्यभर मी त्यावरून कारागिरांना बोलणी घातली. आणि सत्तरी उलटल्यावर स्वतः तेच केलं.

तीन आठवडे काम चाललं. अस्तराला मला सहा दिवस लागले. खांदे भरून आले. मग भावजी आणि ढब्बू यांनी कमान जुन्या चादरीत गुंडाळून दारातून आत घेतली, तिरकी, मग सरळ, मग पुन्हा तिरकी, आणि मी बाहेरून ओरडत होते, "अस्तर! अस्तर! अस्तराला टोक लावाल!"

"वहिनी, तुम्ही आत जाऊन चहा करा."

"मी चहा केला तर तुम्ही अस्तर फाडाल."

"आजी, मान मोडतेय माझी, एक काय ते ठरवा!"

कमान बसली. बोल्ट आवळले. मागचे दोन तिरके पाइप बाजूच्या पॅनेलांतून जात होते, तिथे मी पॅनेलांना गोल भोकं कापून त्यांना चामड्याची कड शिवली. डोकं आपटू शकेल तिथे पाइपाला जाड फोम लावायचा, असं नियमातच होतं. मी त्याला काळ्या रेक्झिनचं कव्हर शिवलं, सरळ शिवण, एक टाका वाकडा नाही. भावजी बघून म्हणाले, "झालं. माझ्या पाइपाला झबलं घातलं."

"थंडी वाजत होती त्याला."

"थंडीवरून आठवलं, दादाचा कोट..."

"फोम संपलाय, आणते," म्हणून मी उठले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

शर्यत रविवारी. तपासनीस शर्यत भरवणाऱ्या क्लबचे, निवृत्त मोजणीदार, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. शुक्रवारी दुपारी तीन वाजता ते सायकलवरून आले, कॅरिअरला एक लांब सपाट पट्टी बांधलेली. त्यांनी बोल्ट मोजले, सीटचे पट्टे ओढून पाहिले, वेल्डिंगवर बोट फिरवलं. भावजी छाती काढून उभे. अस्तराकडे बघून ते म्हणाले, "सुरेख." मी छाती काढली नाही, पण ऐकलं.

"सीट मूळचीच आहे ना? या वर्गात सीट बदलता येत नाही."

"मूळचीच," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

"बसा," ते ढब्बूला म्हणाले. ती हेल्मेट घालून बसली. त्यांनी कमानीच्या माथ्यावरून पट्टी पुढे सरकवली. पट्टी सरकली आणि टक् करून हेल्मेटला अडली. ते वाकले. चष्मा वर केला. पुन्हा सरकवली. टक्.

"हेल्मेट कमानीच्या वर जातंय. एक बोट."

भावजी बोलायला लागले ते थांबेचनात. "अशक्य! माझं माप सुताचंही चुकत नाही. लाकडी पेटीवर बसवून मोजलंय हिला! ही तीन आठवड्यांत वाढली असेल."

"आजोबा, मी चोवीस वर्षांची आहे."

"एक बोट वर आहे, दोन बोटं खाली हवं," तपासनीस म्हणाले. "म्हणजे तीन बोटांचा फरक."

"तीन बोटं!" भावजींनी माझ्याकडे वळून हात पसरले. "ऐका! तीन बोटं! नेमकी तीन! कुणी मागितली होती तीन बोटं? अस्तराचे लाड! कमान टपाला चिकटवली असती तर हा दिवस आला असता का?"

"पायाखाली ठोकळे घालून कमान उचलली तर?" ढब्बूने विचारलं.

"ठोकळे चालत नाहीत," तपासनीस म्हणाले. त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याची खूण होती आणि तीच मला जास्त लागली. "नवीन कमान करता येईल?"

"पाइप वाकवायचं यंत्र माझ्याकडे नाही, बाहेरून वाकवून आणलीय. सोमवारशिवाय नाही," भावजी म्हणाले आणि स्टुलावर बसले. मग अगदी हळू, "वहिनी, तुम्ही बसा गाडीत. तुमचं डोकं पट्टीला काय, स्टिअरिंगलासुद्धा लागायचं नाही."

एरवी मी त्यांना सोडलं नसतं. पण माझं लक्ष ढब्बूकडे होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती सीटमध्ये हळूहळू खाली घसरत होती. कंबर पुढे, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले, मान आत ओढलेली, म्हणजे हेल्मेट जरा तरी खाली जाईल.

"सरळ बसा," तपासनीस म्हणाले.

"मी अशीच चालवेन."

"वळणावर पट्टा गळ्याला लागेल. सरळ बसा, बाळ."

ती तसं बसलेली मी पाहिली आणि मला दुसरं कुणीतरी दिसलं. हे असेच बसायचे. कंबर पुढे, मान आत. तीस वर्षं. संध्याकाळी पाठ धरून यायचे आणि मी लेप लावता लावता बडबडायचे, "माणसासारखं सरळ बसता येत नाही का गाडीत?" मीच म्हणायचे. मी!

"सीट काढा," मी म्हटलं.

"काय?" भावजी.

"ड्रायव्हरची सीट काढा बाहेर आणि माझ्या टेबलावर ठेवा. तपासनीस साहेब, तुम्ही पुन्हा कधी येऊ शकाल?"

"उद्या सकाळी अकरापर्यंत क्लबात मंजुरीची चिठ्ठी द्यावी लागते. मी साडेदहाला येईन. पण सीट बदलता..."

"बदलत नाही. मूळची करते."

ते सायकलवर बसून गेले. कुठे थांबायचं नाही हे कळणारा माणूस. भावजी मात्र टेबलाला चिकटले.

"मूळची करते म्हणजे? वहिनी, तुम्ही मला आकडा कुठला दिलात?"

"वहीतला."

"मोजलीत नाही?"

"नाही."

"का?"

मी दाभणाने रेक्झिनची कड उसवायला लागले. नवीन, तीन दिवसांपूर्वी माझ्याच हातांनी बसवलेलं. ते निघालं आणि खाली जुनं कव्हर दिसलं.

भावजींनी कव्हराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा कव्हराकडे. "जुन्यावर नवं?" ते कुजबुजल्यासारखं म्हणाले, जसं घरात कुणी गेल्यावर बोलतात. "तुम्ही?"

"मी."

"आजी!" ढब्बू म्हणाली. "तू त्या गॅरेजवाल्याला यावरून दुकानातून हाकललं होतंस."

"हाकललं होतं. आता कात्री दे आणि दोघंही गप्प बसा, म्हणजे मी एकदाच सांगेन." आणि मी सांगितलं. प्लास्टर, उशी, चौक, दुपार. कोटाचं नाव घेताना मात्र मी मान खाली घातली आणि दोरा शोधायचं नाटक केलं.

भावजींचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "कोट? दादाचा कोट? तपकिरी?"

"हो."

"जो मी चोरला?"

"चोरला असं मी कधी म्हटलं नाही. 'भावजींना विचारा' म्हटलं."

"एकेचाळीस वर्षं!" त्यांनी टेबलावर हात आपटला, खिळ्यांचा डबा उडाला. "माझ्या लग्नात दादाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, वहिनी! 'खरं सांग, विकलास का?' म्हणाला! माझ्या लग्नात!"

"तुम्ही मला उशी म्हणालात. चौकात."

"ती गंमत होती!"

"ही पण गंमतच समजा."

ढब्बूला हसू फुटत होतं आणि ते दाबायला ती खाली बसून खिळे वेचत होती. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण माझा हिशेब वेगळाच चालला होता. मी घातलेला कोट दोन बोटांचा. हवी होती तीन. जुनं कव्हर काढून फार तर एक सूत मिळणार. एवढी अब्रू घालवून शेवटी एक बोट कमी पडणार असेल तर गप्प बसले असते तेच बरं. तरी जुनं कव्हर काढलं आणि आतली खोळ पुढ्यात ओढली. मागच्या कडेला दाभण लावलं, आणि थांबले.

टाके माझे नव्हते.

माझा टाका उजवीकडे झुकतो. ह्यांचा डावीकडे झुकायचा, कारण हे डावखुरे. गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही, पण आम्हा दोघांना एकमेकांची शिवण दहा फुटांवरून ओळखू यायची. आणि खोळीच्या त्या कडेला एका ओळीत सगळे टाके डावीकडे झुकलेले. दोरा हिरवा, मेणाचा. तो हिरवा दोरा आम्ही आयुष्यात एकदाच आणला होता, मुलगा तिसरीत होता त्या वर्षी. कुणा गिऱ्हाइकाने हट्ट धरला म्हणून. मी कोट कोंबला त्यानंतर वर्षभराने.

"काय झालं?" भावजींनी विचारलं.

मी खोळ उसवली. कोट मी रागाच्या भरात बोळा करून कोंबला होता, हे मला लख्ख आठवतंय. आता तो घडी केलेला निघाला. बाह्या आत मुडपून, कॉलर सपाट करून. आणि कोटाच्या खाली काथ्याचा एक थर, सारखा पसरलेला, कडेने टाचलेला, नेटका. मी तो घातला नव्हता. मी त्यावर बोट आडवं ठेवलं. बरोबर एक बोट.

कोट दबला असणार. एका वर्षात दबतोच. मी पुन्हा स्टिअरिंगच्या मधून रस्ता बघायला लागले असेन, आणि ह्यांनी शेजारी बसून ते पाहिलं असेल. मग एका दुपारी, मी झोपलेली असताना म्हणू या, हे उठले असतील. खोळ उसवली असेल, आत स्वतःचाच हरवलेला कोट सापडला असेल. मग त्यांनी काय केलं? तो झटकून घडी घातली, खाली काथ्या भरून सीट आणखी एक बोट वर केली, खोळ शिवून टाकली, आणि दुसऱ्या दिवसापासून टपाला जरा जास्तच डोकं घासत फिरले.

आणि वर दरवर्षी थंडीत, गाडीत बसल्या बसल्या, मान आत ओढून मला विचारायचे, "अगं, माझा तो कोट कुठे गेला असेल गं?"

त्या कोटावर बसून!

"माणूस आहे की कोण?" मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असावं, कारण ढब्बू उठून उभी राहिली. "एकोणतीस वर्षं! माहीत होतं ह्यांना! माझ्या तोंडावर विचारत राहिले आणि मी दर वेळी भावजींचं नाव घेतलं, आणि ह्यांनी माझं खोटं ऐकून घेतलं, मान डोलावून! जिवंत असते ना, तर या दाभणाने..."

माझा चष्मा धुरकट झाला होता. तो पुसला. भावजींनी हिरव्या टाक्यांवर अंगठा फिरवला. त्यांना शिवणकामातलं काही कळत नाही, पण भावाचा हात त्यांनाही ओळखता आला.

"मला माझ्या लग्नात विचारलं ते याच्या आधी की नंतर?" त्यांनी विचारलं.

मी बोटांवर मोजलं. "नंतर. दोन वर्षांनी."

"म्हणजे त्यालाही माहीत होतं की मी चोरला नाही."

"हो."

"आणि तरी विचारलं."

"हो."

भावजी म्हणाले, "डांबिस," आणि उठून तोंड धुवायला गेले.

संध्याकाळच्या आत सीट झाली. स्प्रिंगा, खोळ, फोमचा पातळ थर, एकच नवीन कव्हर. काथ्याचा थर मी टाकला नाही, कपाटात वर ठेवला. शनिवारी साडेदहाला तपासनीस आले. ढब्बू सरळ बसली, पाठ टेकवून. पट्टी कमानीवरून पुढे सरकली आणि सरकतच काचेपर्यंत गेली. त्यांनी हेल्मेट आणि पट्टी यांच्या मधे दोन बोटं घातली. मग तिसरं घालून पाहिलं, ते अर्धंच गेलं. खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी बॉनेटवर ठेवून सही केली.

"अस्तर खरंच सुरेख आहे," ते जाताना म्हणाले.

"कमान पण चांगली आहे," मी म्हटलं. भावजींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

रविवारी ऊन एवढं होतं की मैदानातल्या गवताचा वास करपल्यासारखा येत होता. भावजी तपकिरी लोकरीचा कोट घालून आले. बाह्यांना कसरीची भोकं, पुढून उघडा.

"हे काय सोंग?"

"एकेचाळीस वर्षं चोर म्हणवून घेतलंय. आज घालून मिरवणार. बटणं कुठायत?"

"माझ्या डब्यात."

"असणारच."

ढब्बू सातवी आली. सतरा गाड्यांत सातवी. माथ्यावरून खाली आली तेव्हा तिचं तोंड धुळीने आणि हसण्याने भरलं होतं. तिने हेल्मेट काढलं आणि हात वर करून टपाच्या अस्तराला लावला. मधे चांगली ओंजळभर जागा होती.

"मी थोरलीला फाटकापर्यंत नेते," मी म्हटलं.

"तू?" ढब्बू म्हणाली.

"मी. तिला मी तुझ्या जन्माआधीपासून चालवतेय."

मी बसले. नवीन, नीट शिवलेल्या, मूळच्या सीटवर. पुढे हिरवं बॉनेट आणि त्यावर आकाश. बाकी काही नाही. तपासनीस, क्लबची मंडळी, इतर गाड्यांचे ड्रायव्हर, सगळे बघत होते. भावजी खिडकीशी उभे होते, घामाने निथळत, आणि त्यांच्या ओठांवर तो शब्द येऊन थांबलेला मला दिसत होता.

"बोला," मी म्हटलं. "बोलून टाका एकदा."

"मी काय बोलतोय?"

"मग तो कोट काढा आणि द्या इकडे."

त्यांनी काढून दिला. मी त्याची घडी घातली, बाह्या आत मुडपून, कॉलर सपाट करून, जशी निघाली होती तशी. उठले, ती घडी सगळ्यांच्या देखत सीटवर ठेवली, आणि वर बसले. रस्ता दिसला.